फड, कीर्तन आणि विवेक

पुण्याहून सोलापूरकडे जाणारा हमरस्ता इंदापूर मागे टाकून भीमेचे पात्र ओलांडतो आणि माढे तालुक्यात शिरतो, तेव्हा लागणारी पहिली मोठी पेठ म्हणजे टेंभुर्णी. येथून एक वाट करकंबावरून पंढरपुरास जाते, दुसरी कुर्डुवाडीमार्गे बार्शीकडे वळते, तिसरी अकलूजकडे फुटते, आणि मूळचा रस्ता मोडनिंबावरून सोलापूर गाठतो. या वाटांनी धान्य गेले, गुरे गेली, तशीच गाणीही गेली. चंद्रभागेच्या वाळवंटात उभे राहणारे कीर्तन आणि मोडनिंबाच्या कलाकेंद्रातील संगीतबारी, दिंडीतला मृदंग आणि अकलूजच्या लावणी स्पर्धेतील ढोलकी, यांच्या मधोमध हे गाव वसले आहे. म्हणून श्रद्धावान माणसाने काय ऐकावे, काय पाहावे आणि कशाकडे पाठ फिरवावी, हा प्रश्न ज्याला इतिहासाच्या आधारे तपासावयाचा आहे, त्याने या चौफुलीपासून आरंभ करणे युक्त होय. मराठी ख्रिस्ती मंडळीने हा प्रश्न चारशे वर्षे वागविला आहे; त्याची सलग हकीकत मात्र क्वचितच सांगितली जाते.

हा प्रश्न ख्रिस्ती धर्माने या मुलखात नव्याने आणला असे मात्र नाही. पेशवाईच्या उत्तरार्धात सोलापूरचा राम जोशी, ब्राह्मणाच्या घरात जन्मून आणि संस्कृत विद्येचे संस्कार घेऊन, तमाशाच्या फडात शिरला व शाहीर म्हणून नावारूपास आला. आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे, बारामतीच्या मोरोपंतांच्या सहवासाने पुढे तो कीर्तनास उभा राहिला व पंतांच्या आर्या श्रोत्यांपुढे रंगवू लागला. जी वाणी लावणीत शृंगार उभा करीत होती तीच वाणी आख्यानात भक्ती उभी करू लागली; प्रतिभा, लय आणि शब्दांवरील हुकमत यांत काहीच पालटले नाही, पालटले ते प्रयोजन. कलेचे रूप आणि तिचा उपयोग या दोन गोष्टी निराळ्या करून पाहता येतात, हे या मुलखाला ख्रिस्ती उपदेशक येण्यापूर्वीच ठाऊक होते.

ख्रिस्ती मंडळीपुढे तर हा विषय तिच्या बाल्यावस्थेपासूनच होता. इ. स. 200 च्या सुमारास कार्थेजच्या टर्टुलियनाने रोमन रंगमंडलातील खेळ, शर्यती आणि नाटके यांविरुद्ध एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला व श्रद्धावंतांनी तेथे पाऊल ठेवू नये असे निक्षून सांगितले. दोनशे वर्षांनी संत ऑगस्टीनाने आपल्या आत्मवृत्तात अलिपियस नावाच्या मित्राची हकीकत नोंदविली. मित्रांनी बळेच रंगमंडलात नेल्यावर हा सज्जन डोळे घट्ट मिटून बसला. परंतु लोकांची आरोळी कानी पडताच त्याने डोळे उघडले, आणि पुढे त्या रक्तपाताचा तो इतका लोभी झाला की इतरांना आपण होऊन घेऊन जाऊ लागला. या दोन साक्षी एकत्र वाचल्या म्हणजे मनुष्यस्वभावाचा एक नियम ध्यानी येतो. मज्जाव केल्याने पाऊल थांबते, डोळे मिटल्याने दृश्य थांबते, पण मन थांबत नाही. मनाला काहीतरी उत्तम देऊन तृप्त केल्याखेरीज त्याची ओढ सरत नाही.

हा नियम मराठी भाषेत प्रथम कोणी ओळखला असेल, तर तो गोव्यातील जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी. इंग्लंडात जन्मलेले हे गृहस्थ 1579 मध्ये गोव्यास आले आणि साष्टी प्रांतात त्यांनी आयुष्य घालविले. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती. सायंकाळी घराघरांतून, देवळांतून जे श्रवणाचे सुख त्यांना लाभत असे ते नाहीसे झाले होते. आमची पूर्वीची पुराणे तुम्ही काढून घेता, तर त्यांच्या जागी दुसरी का करून देत नाही, अशा आशयाची त्या लोकांची मागणी स्टीफन्सने आपल्या काव्याच्या आरंभी नमूद केली आहे. त्या मागणीचे उत्तर म्हणजे 1616 मध्ये छापून निघालेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण. श्रोत्यांची भूक खरी आहे, ती पाप नव्हे, हे त्यांनी मान्य केले आणि ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाच्या ओवीतच तिची शांती केली.

त्याच भूमीत दुसरा मार्गही चोखाळला गेला. 1736 मध्ये इन्क्विझिशनने काढलेल्या हुकूमनाम्याने लग्नप्रसंगीची देशी वाद्ये, स्त्रियांच्या ओव्या, हळद लावणे आणि असे कितीतरी घरगुती आचार ख्रिस्ती लोकांना मना केले. हुकूमत भक्कम होती, शिक्षेचे भय खरे होते. तरीही गोव्यातील ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी नारळाचा रस लावताना ओव्या म्हणण्याची वहिवाट टिकून राहिलीच. ज्याची बंदी केली ते उरले, आणि स्टीफन्सचे पुराण मराठी वाङ्मयाचे भूषण ठरले, यातून कोणता मार्ग अधिक शहाणपणाचा होता याचा निवाडा काळानेच दिला आहे.

देशावर हीच कथा एकोणिसाव्या शतकात पुन्हा घडली. अमेरिकन मराठी मिशनने 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये अहमदनगरास ठाणे केले. 1842 मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. 1860 मध्ये लोहमार्ग सोलापुरास पोहोचला आणि त्यानंतर मिशनचे कार्य तेथेही स्थिरावले. ज्या लोकांनी नगर-सोलापूरच्या खेड्यांतून बाप्तिस्मा घेतला, त्यांत महार आणि मांग समाजांतील कुटुंबे पुष्कळ होती, आणि गावगाड्यात गाणेबजावणे हे त्यांच्या हौसेपेक्षा त्यांच्या वतनाशी जखडलेले होते. देवाच्या छबिन्यापुढे, जत्रेत आणि लग्नाच्या वरातीत हलगी वाजविणे ही मांगाची बलुतेदारीतील चाकरी. तमाशाच्या फडांतही या दोन समाजांतील कलावंत पिढ्यान्‌पिढ्या उभे. अशा माणसाने मूर्तीपुढे वाजविण्याचे नाकारले, तर त्याला केवळ एका करमणुकीचा त्याग करावा लागत नसे. त्याच्या सुगीच्या धान्याचा वाटा, गावातील हक्क आणि पाटलाची मेहेरनजर ही सर्व त्या एका नकारात पणाला लागत. मनोरंजनातील विवेक ही बैठकीत चर्चिण्याची गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या लोकांचे स्मरण करावे. त्यांच्या विवेकाची किंमत दाण्यांनी मोजली गेली.

परंतु त्या नकारानंतर त्यांच्या पदरी काय पडले? आरंभीच्या मिशनरींनी कष्टाने गीते रचली. हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्यांचे मराठी भाषेवरील प्रेम निःसंशय होते. तथापि इंग्रजी वृत्तांत आणि इंग्रजी चालींत बसविलेली ती गीते ज्या कानांना ढोलकी आणि टाळ यांची सवय, त्या कानांना दीर्घकाळ परकीच राहिली. ही उणीव देशी ख्रिस्ती माणसांनीच भरून काढली. नगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कीर्तनाची पद्धती ख्रिस्तचरित्रासाठी योजिली: तोच पूर्वरंग, तेच आख्यान, त्याच साक्या, दिंड्या आणि पदे, आणि खेडुतांची मंडळी रात्री उशिरापर्यंत बसून ऐकू लागली. पुढे 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजन मंडळीच्या उपासनेत असे रुजविले की आज मराठी ख्रिस्ती उपासनेची कल्पना त्यांच्या पदांवाचून करता येत नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो असे मानणाऱ्या या कवीला पंढरीच्या टाळात परधर्म दिसला नाही, स्वतःचे घर दिसले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर स्वतः कीर्तने केली, आणि पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या पश्चात पुरे केले.

मुद्रणाच्या बाबतीतही हीच पारख दिसते. हरि केशवजी यांनी 1841 मध्ये बनियनचे रूपक ‘यात्रिक क्रमण’ या नावाने मराठीत आणिले, आणि 1857 मध्ये बाबा पदमनजी यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचे दुःख कादंबरीच्या रूपाने मांडले. कल्पित कथा म्हणजे वेळेचा अपव्यय असे मानणारे धर्मनिष्ठ लोक त्या काळी थोडे नव्हते. पदमनजींनी कथेचे आकर्षण मान्य केले आणि ते पिचलेल्या स्त्रियांच्या कैवारासाठी राबविले; मराठी कादंबरीचा आरंभ अशा रीतीने ख्रिस्ती सद्सद्विवेकातून झाला. चित्रपटाच्या बाबतीत तर योगायोग याहून विलक्षण आहे. 1910-11 च्या सुमारास मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये दादासाहेब फाळके यांनी ख्रिस्तचरित्रावरील मूक चित्रपट पाहिला, तो पाहताना राम आणि कृष्ण पडद्यावर येतील काय, या विचाराने त्यांना झपाटले, आणि 3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. ज्या माध्यमाविषयी पुढे अनेक पाळकांनी मंडळीला सावध केले, त्याचे भारतातील बीज ख्रिस्ताच्याच कथेने पेरले होते. कोणतेही माध्यम जन्मतः अपवित्र नसते, याचा यापरता सबळ पुरावा शोधण्याचे कारण नाही.

तथापि या संपूर्ण इतिहासात एक उणीव राहून गेली आहे, आणि ती सांगणे हे मी माझे कर्तव्य समजतो. पाहणाऱ्याचे मन मलिन होते काय, हा प्रश्न आपण सतत विचारला; नाचणारीचे काय होते, हा प्रश्न क्वचितच विचारला. तमाशावर स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास मुंबई सरकारने निर्बंध घातले, मग द. वा. पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती झाली, वगांची तपासणी सुरू झाली. परंतु शब्द शुद्ध करून देणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी कोल्हाटी समाजातील त्या मुलीची चौकशी केली, जिच्या पायांतील चाळांवर सबंध कुटुंबाचा चरितार्थ चालतो आणि जिच्या लग्नाचा विचार त्यामुळेच कोणी करीत नाही. शुभवर्तमानात मात्र हीच चौकशी केंद्रस्थानी आहे. शिमोन परूश्याच्या घरी गावाने पापिणी ठरविलेली स्त्री आली, तेव्हा यजमानाने आपल्या घराच्या सोवळ्याची काळजी केली. ख्रिस्ताने त्या स्त्रीकडे वळून, ही तुला दिसते काय, असे यजमानालाच विचारले. ख्रिस्ती विवेकाची कसोटी मला त्या प्रश्नात सापडते. जे रंजन मला सुख देताना दुसऱ्या कोणाची अब्रू, आरोग्य वा बालपण खर्ची घालते, ते शब्दाने कितीही सोज्ज्वळ असले तरी त्याज्य. आणि ज्यात गाणाऱ्याचा मान आणि ऐकणाऱ्याचे मन ही दोन्ही वाढतात, ते ढोलकीवर असले तरी ग्राह्य.

आज टेंभुर्णीच्या पेठेत उभ्या असलेल्या तरुणाला कीर्तनासाठी पंढरपुरास किंवा बारीसाठी मोडनिंबास जावे लागत नाही. दोन्ही त्याच्या खिशातील फोनवर एका बोटाच्या अंतरावर आहेत, आणि त्यांच्या मागे कोण उभे आहे हे पडदा त्याला दाखवीत नाही. फडावर नाचणारी निदान डोळ्यांसमोर होती. म्हणून आजच्या पालकाचे आणि पाळकाचे काम पूर्वीपेक्षा कठीण आहे. फोन काढून घेणे हा 1736 चा मार्ग झाला, आणि त्याचे फलित आपण पाहिले. मुलांशेजारी बसून त्यांच्याबरोबर ऐकावे, त्यांना जे आवडते ते का आवडते हे विचारावे, गाणाऱ्या माणसाची परिस्थिती त्यांना सांगावी, आणि जे काढून घ्यावयाचे त्याच्या जागी अधिक चांगले काही तयार करून द्यावे. स्टीफन्स, सांगळे आणि टिळक यांनी आपल्या मंडळीसाठी ते केले, म्हणून आपल्याला गाता येते. पुढील पिढीने काय गावे याची जबाबदारी आता आपल्यावर आहे, आणि ती मनाईहुकमाने पार पडणारी नाही.