निशिजिनचा माग आणि परंपरेचा प्रश्न

किमोनोवर बांधायचा भरजरी ‘ओबी’ म्हणजे क्योतोच्या निशिजिन पेठेची ओळख. हे रेशीमकाम टिकले ते बाहेरचे वारे लागू न दिल्यामुळे, असे कौतुकाने सांगितले जाते. इतिहास मात्र उलटी साक्ष देतो. 1869 साली सम्राटाचा दरबार तोक्योला गेला आणि निशिजिनचे मोठे गिऱ्हाईक हातचे गेले. योकोहामा बंदर 1859 मध्ये परदेशी व्यापाराला खुले झाल्यापासून कच्चे रेशीम बाहेर चालले होते, त्यामुळे विणकराला सूतही महागच पडत होते. अशा पडत्या काळात, 1872 मध्ये, क्योतोच्या प्रशासनाने साकुरा त्सुनेशिची, इनोउए इहेई आणि योशिदा चुशिची यांना विणकामाची नवी विद्या शिकण्यासाठी फ्रान्सच्या ल्यों शहरी धाडले. पहिले दोघे 1873 मध्ये, छिद्रांच्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणारे जकार्ड यंत्र घेऊन परतले. योशिदा मागे राहिले. 1874 मध्ये परतताना इझूच्या किनाऱ्याजवळ त्यांचे जहाज बुडाले आणि ते गेले. या विद्येची किंमत अशीही मोजली गेली. पुढे 1877 मध्ये अराकी कोहेई यांनी लाकडी जकार्ड घडवले आणि हे यंत्र देशातच तयार होऊ लागले.

यंत्राने कला मारली, हा आक्षेप सरसकट झटकता येणार नाही. जुन्या मागावर उंच बसून नक्षीप्रमाणे ताण्याचे धागे वर ओढणारा एक माणूस असे. त्याचे काम छिद्रांच्या पुठ्ठ्यांनी घेतले आणि ते कसब लोपले. पण नक्षी कागदावर चौकटी-चौकटीने मांडणे, सूत रंगवणे, जर निवडणे हे माणसाकडेच राहिले. ‘त्सुझुरे’ विणीला तर जकार्ड लागतच नाही. तिथे विणकर नखांच्या कडा कानशीने करवतीसारख्या दातेरी करतो आणि त्यांनी बाण्याचा एकेक रंगीत धागा खाली ओढून ठासतो. प्रत्येक रंग आपल्या हद्दीपुरताच जाऊन मागे वळतो. पैठणीच्या पदराचे तत्त्व हेच. उलट, जकार्ड नाकारले असते तर दरबार गेल्यावर एवढ्या विणकरांची पोटे कशावर भरली असती, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांकडे नाही. पेठच उठली असती, तर नखांनी विणणाराही उरला नसता. निशिजिनच्या विणकामाला जपान सरकारने पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला तो 1976 मध्ये. तेव्हा ल्योंचे यंत्र त्या पेठेत येऊन शंभर वर्षे उलटली होती.