घर, वाडी आणि एक विहीर

उत्तर कोकणात घराच्या डागडुजीला उन्हाळ्यावाचून दुसरा मुहूर्त नाही. आगोट लागण्यापूर्वी कौले परतून झाली पाहिजेत, किडलेला वासा बदलला पाहिजे, भिंतीचे पोपडे उतरवून नवा गिलावा चढला पाहिजे. आणि नेमक्या याच दिवसांत वाडीलाही माणसाची सर्वाधिक गरज असते. केळीची आळी सुकू लागतात. वांगी, भेंडी, मिरची दोन दिवस पाणी चुकले की माना टाकतात. घर एका हाताला धरून ओढते, वाडी दुसऱ्या. वसईच्या वाडीवाल्यांच्या कित्येक पिढ्यांचे चैत्र-वैशाख या ओढाताणीत गेले. सरत्या उन्हाळ्यात ती आमच्याही वाट्याला आली आणि तिच्या निमित्ताने आमच्या घराचा व गावाचा इतिहास आम्हांस नव्याने वाचावा लागला.

आमचे वाडवडिलांचे घर वसई तालुक्यातील एका वाडीत आहे. आढ्यावर सुताराने १९०९ हा आकडा कोरला आहे. दगडी जोते, पुढे ओटा, आत माजघर, वर माळा. मागल्या दाराशी विहीर आणि विहिरीपलीकडे वाडी. थोरले बंधू व वहिनी तेथे राहतात. पश्चिमेची भिंत फुगली होती. माजघराचा एक सागवानी खांब तळाशी वाळवीने पोखरला होता. जमिनीला चांगला भाव देऊ करणारे दोघे-तिघे दाराशी येऊन गेले होते. थोरले बंधू आम्हांस घरातही फादरच म्हणतात. ते म्हणाले, "फादर, पाडायचे की सावरायचे, एकदा ठरवू या. मृगाच्या आत उत्तर पाहिजे." उत्तर आमच्यापाशी नव्हते. पंधरा दिवसांची रजा घेऊन आम्ही घरी गेलो.

वसई म्हटले की बाहेरच्या माणसाला प्रथम किल्ला आठवतो. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या सुलतान बहादूरशाहाने तहान्वये वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. पुढील दोनशे वर्षांत किल्ल्यात चर्चे, मठ आणि वाडे उभे राहिले. १७३९ च्या मे महिन्यात, अशाच एका उन्हाळ्याच्या अखेरीस, चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे किल्ला पडला. पोर्तुगीज बाहेर पडले. वाड्यांतून राबणारे ख्रिस्ती शेतकरी मात्र होते तेथेच राहिले. पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेली मिरची, पपई, पेरू, अननस आणि रताळीही आमच्या मातीत राहिली. आज किल्ल्यात सेंट जोसेफ कॅथेड्रलचा मनोरा पाहावा. भिंती उभ्या आहेत, परंतु त्यांवर छप्पर नाही. त्या बांधणाऱ्यांचे कसब कमी होते असे कोण म्हणेल? पण १७३९ नंतर त्यांची काळजी वाहणारे हात उरले नाहीत. उलट, जवळच्या वाड्यांतील कुडाच्या व मातीच्या भिंतींची साधी घरे दरवर्षी शाकारली गेली, सारवली गेली, आणि माणसे त्यांत नांदत राहिली.

या साध्या घरांना पुढे बरे दिवस आले ते रेल्वेमुळे. १८६७ साली विरार ते मुंबईचे बॅकबे अशी गाडी सुरू झाली आणि वसईची केळी, पाने, फुले व भाजी मुंबईच्या बाजारात वेगाने पोहोचू लागली. राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली सुकेळी तर दूरदूर गेली. वाडीच्या मिळकतीतून घर वर आले. आमच्या पणजोबांनी केळीच्या पैशातूनच दगडी जोते घातले, असे आजी सांगत असे. घर म्हणजे वाडीचेच एक पीक होते, मात्र ते पिकावयास दोन पिढ्या लागल्या.

कौले परतताना एक कौल आम्ही उलटे करून पाहिले. त्यावर रोमन अक्षरांत बासेल मिशनचा ठसा होता. स्वित्झर्लंडमधील बासेल येथील या प्रोटेस्टंट मिशनने १८६५ साली मंगळुरास कौलांचा कारखाना काढला. धर्मांतरामुळे जातीच्या व्यवसायाला पारखे झालेल्या माणसांना मानाची मजुरी मिळावी, हा मिशनच्या उद्योगांमागील एक प्रमुख हेतू होता. नेत्रावतीच्या काठची चिकणमाती, यंत्राने दाबलेले कौल आणि एका कौलात दुसरे अडकावे अशी खाच, या बळावर मंगळुरी कौल पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र गेले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने मिशनचे कारखाने ताब्यात घेतले, पण तोवर कौलाचे नाव घरोघर झाले होते. आमच्या कॅथलिक घरातील रोझरी शतकाहून अधिक काळ प्रोटेस्टंट छपराखाली चालली, हे कळताच थोरले बंधू खूप वेळ हसत होते.

भिंतीची गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. तो दोष आमचा आहे, आणि तो येथे सांगितला पाहिजे. १९९८ साली आमच्या गुरुदीक्षेच्या निमित्ताने घर नीटनेटके करावयाचे ठरले. पाहुण्यांना पश्चिमेची भिंत गुळगुळीत दिसावी म्हणून जुना चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंट लावण्याचा आग्रह आम्हीच धरला. वडिलांनी एकदा नको म्हटले. पण नव्या धर्मगुरूला कोण अडवणार?

चुना आणि सिमेंट यांचा स्वभाव वेगळा. शिंपले किंवा चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. उरलेली कळी पाण्यात विरवली की ती उकळून फुलते आणि तिचे लोण्यासारखे मऊ चुन्यात रूपांतर होते. तो भिंतीवर चढला की हवेतील तोच वायू हळूहळू परत घेतो व पुन्हा दगड होतो. जुने गवंडी त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणीही घालीत. अशी भिंत पावसाळ्यात ओल घेते व उन्हाळ्यात सोडते. सिमेंटचा कठीण थर ती ओल आतच कोंडतो. मग भिंतीला लोणा लागतो, चिरे सैल होतात, आणि ओल लाकडाची वाट धरते. आम्ही सजवलेल्या भिंतीनेच सत्तावीस-अठ्ठावीस पावसाळ्यांत माजघराचा खांब खाल्ला होता. थोरल्या बंधूंनी इतक्या वर्षांत त्याबद्दल आम्हांस एक शब्द ऐकवला नव्हता.

सिमेंट उतरवून चुना लावावयाचा ठरले तेव्हा पाण्याचा प्रश्न उभा राहिला. चुन्याचा गिलावा पक्का होईतो अनेक दिवस सकाळ-संध्याकाळ ओला ठेवावा लागतो. वाडीलाही त्याच वेळी पाणी हवे, आणि विहीर तर एकच. शिवाय वैशाखात तिचे पाणी मचूळ होऊ लागले होते. समुद्रकाठच्या जमिनीत गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर एक हात गोडे पाणी असेल, तर त्याच्या खाली सुमारे चाळीस हात गोडे पाणी तोलून धरलेले असते. वरचा एक हात उपसला की खालून खारे पाणी त्या प्रमाणात वर चढू लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील अभियंत्यांनी हे गणित मांडले. वसईच्या शेतकऱ्याला ते आकड्यांत ठाऊक नव्हते, तरी त्याची वागणूक त्याला धरून होती. बैलाचा रहाट संथ फिरे, त्यामुळे विहिरीला भरावयास उसंत मिळे. आणि वाडीतली बावखले पावसाचे पाणी धरून जमिनीला पाजीत. पंपाने ती उसंत काढून घेतली. पुष्कळ बावखले बुजवली गेली. टँकर भरभरून विहिरींचे पाणी विकले जाऊ लागले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, ती या पाण्यासाठी व हिरवाईसाठी. २०२४ साली फादर गेले. त्यांच्या आठवणी सांगणाऱ्या आम्हांपैकी कितींनी आपल्या दारचा पंप पाच मिनिटे आधी बंद केला असेल?

तोडगा वहिनींनी काढला. पहाटे अर्धा तास पंप, मग विहिरीला विसावा. संध्याकाळी पुन्हा अर्धा तास. सकाळचे पाणी भिंतीला, संध्याकाळचे वाडीला. भेंडीचा एक वाफा सोडून द्यावा लागला. केळी, मिरची आणि मोगरा जगवले. दारे धरण्याचे काम आमच्याकडे होते. पन्नाशी उलटलेल्या धर्मगुरूला पाटातले पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात वळवताना पहिल्या दिवशी दोनदा चिखलात बसावे लागले. मुंबईला नोकरी करणारा पुतण्या दोन्ही शनिवारी आला आणि कौले हातोहात वर देत राहिला.

सेमिनरीत आम्ही संत बेनेडिक्ट यांची नियमावली वाचली होती. शक्य असेल तर मठाची रचना अशी असावी की पाणी, जाते आणि बाग कुंपणाच्या आतच मिळावी, असे ते सहाव्या शतकात सांगतात. शिवाय मठातील भांडी-अवजारे कारभाऱ्याने वेदीवरील पवित्र पात्रांसारखी मानावीत, असेही सांगतात. परीक्षेपुरते ते पाठ केले होते. त्याचा अर्थ आम्हांला यंदा फावडे धुऊन भिंतीला टेकवताना कळला. एकदाच मजबूत बांधून मोकळे व्हावे, ही हाव आम्ही १९९८ साली धरली. वडिलांना ठाऊक होते की घरही वाडीसारखेच दर उन्हाळ्यात नव्याने लावायचे असते.

रजा संपली त्या दिवशी पश्चिमेची भिंत पांढरी झाली होती, खांबाचा तळ कापून नवा सागवानी तुकडा जोडला होता, आणि मिरचीला फूल धरले होते. पाडायचे की सावरायचे, हा प्रश्न थोरल्या बंधूंनी पुन्हा काढला नाही. निघताना आम्ही पाहिले, ते उरलेला चुना अंगणातील खड्ड्यात ओतून वर पाणी भरीत होते. आम्ही सहज म्हणालो की तीन वर्षे न मुरलेला चुना बांधकामात वापरू नये असा जुना नियम होता, असे रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात नोंदवले आहे.

"मग तीन वर्षे राहू दे," थोरले बंधू म्हणाले आणि त्यांनी खड्ड्यावर फळी झाकली. "पूर्वेची भिंत तेव्हा घेऊ. रजा आतापासून मागून ठेवा, फादर."