अ‍ॅडमिरल जेलिको : जटलंडचा सावध सेनानी

पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश आरमाराचे सेनापती जॉन रशवर्थ जेलिको (१८५९-१९३५) यांच्याइतके परस्परविरोधी मूल्यमापन क्वचितच एखाद्या नौदल अधिकाऱ्याच्या वाट्याला आले असेल. हाती आलेला विजय अतिसावधपणामुळे त्यांनी घालवला, असे एक पक्ष म्हणतो. साम्राज्याचे आरमार शाबूत ठेवून त्यांनी युद्ध जिंकण्याची वाट मोकळी ठेवली, असे दुसरा पक्ष म्हणतो. एका दुपारीत संपूर्ण युद्ध हरू शकेल असा दोन्ही बाजूंना हा एकच माणूस होता, अशा आशयाचे विन्स्टन चर्चिल यांचे मत प्रसिद्ध आहे. जेलिको यांच्यावरील जबाबदारीचे ओझे केवढे होते, हे त्यावरून ध्यानात येते.

जेलिको यांचा जन्म ५ डिसेंबर १८५९ रोजी साउदॅम्प्टन येथे झाला. वडील व्यापारी जहाजावर कप्तान होते. १८७२ साली ते 'ब्रिटानिया' या प्रशिक्षण नौकेवर दाखल झाले आणि पुढे तोफखाना हा त्यांचा विशेष अभ्यासाचा विषय बनला. मृत्यूने त्यांना दोनदा हुलकावणी दिली. २२ जून १८९३ रोजी भूमध्य समुद्रात कवायत चालू असताना 'कॅम्परडाउन' ही युद्धनौका 'व्हिक्टोरिया'वर आदळली. अ‍ॅडमिरल ट्रायन यांच्यासह ३५८ जण बुडाले. 'व्हिक्टोरिया'वरील जेलिको त्या वेळी तापाने फणफणत होते, तरीही ते बचावले. पुढे १९०० साली चीनमधील बॉक्सर बंडाच्या वेळी पेकिंगकडे निघालेल्या सेमूर यांच्या तुकडीत असताना त्यांच्या छातीत गोळी शिरली. ते जगतील अशी आशा उरली नव्हती.

विसाव्या शतकाच्या आरंभी अ‍ॅडमिरल फिशर यांनी ब्रिटिश आरमाराचा कायापालट घडवून आणला. भावी युद्धाचा सेनापती म्हणून त्यांची नजर जेलिको यांच्यावरच होती. १९०५ ते १९०७ या काळात तोफखान्याचे संचालक आणि १९०८ ते १९१० या काळात जहाजबांधणी व सामग्रीचे नियंत्रक म्हणून जेलिको यांनी काम केले. तिरप्या कोनातून आदळल्यावरही चिलखत भेदून आत फुटेल असा तोफगोळा तयार व्हावा, अशी मागणी त्यांनी १९१० साली केली होती. मात्र ते त्या पदावरून गेल्यावर तिचा पाठपुरावा झाला नाही. सहा वर्षांनंतर त्यांच्याच ताफ्याचे अनेक गोळे जर्मन चिलखतावर आदळून बाहेरच फुटले, हा इतिहासाचा क्रूर विनोद म्हणावा लागेल.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्धाच्या उंबरठ्यावर त्यांना स्कापा फ्लो येथे पाठवून अ‍ॅडमिरल कॅलहन यांच्या जागी 'ग्रँड फ्लीट'चे आधिपत्य देण्यात आले. ऐन वेळी सेनापती बदलू नये अशा तारा त्यांनी स्वतःच वारंवार केल्या, पण उपयोग झाला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी नौदल मंडळाला आपले धोरण लेखी कळवले. शत्रू वळून पळू लागला, तर तो पाणतीर आणि सुरुंगांच्या जाळ्यात ओढत आहे असे समजून आपण त्याच्या मागे धावणार नाही, असा त्याचा आशय होता. मंडळाने त्यास संमतीही दिली.

या धोरणाची कसोटी ३१ मे १९१६ रोजी डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ, जटलंडच्या लढाईत लागली. ब्रिटिशांकडे १५१, तर जर्मनांकडे ९९ जहाजे होती. पुढे गेलेल्या बेट्टी यांच्या तुकडीकडून शत्रूच्या ठावठिकाण्याची पुरेशी माहिती येत नव्हती. धुके आणि धूर यांमुळे काही दिसत नव्हते. सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास जेलिको यांनी सहा रांगांत चाललेल्या २४ युद्धनौकांना डावीकडे एका रांगेत येण्याची आज्ञा दिली. निर्णय अवघ्या काही क्षणांत घेतलेला होता, पण अचूक ठरला. जर्मन ताफ्याच्या वाटेत ब्रिटिश तोफांची भिंत आडवी उभी राहिली. जर्मन सेनापती शेअर यांनी ताफा मागे वळवला, पण थोड्याच वेळात ते पुन्हा त्याच तोफांच्या तोंडी आले. तेव्हा सुटकेसाठी त्यांनी विनाशिकांकडून पाणतीरांचा मारा करवला. जेलिको यांनी ठरल्याप्रमाणे आपली रांग दूर वळवली. त्या माऱ्यातील एकही पाणतीर लागला नाही, पण शत्रू निसटला. रात्रीच्या अंधारात तो ब्रिटिशांच्या पिछाडीने घरी पोहोचला. त्याच्या परतीची वाट उघड करणारे पकडलेले संदेश लंडनच्या नौदल कार्यालयात होते. त्यांतील महत्त्वाचे संदेश जेलिको यांच्यापर्यंत पोहोचलेच नाहीत.

ब्रिटिशांची १४ जहाजे बुडाली आणि ६,०९४ माणसे कामी आली. जर्मनांची ११ जहाजे व २,५५१ माणसे गेली. ट्रॅफल्गरची पुनरावृत्ती अपेक्षिणाऱ्या जनतेला हे आकडे पराभवासारखे वाटले. प्रत्यक्षात २ जूनच्या रात्री जेलिको यांचा ताफा पुन्हा समुद्रात जाण्यास सज्ज होता. जर्मन ताफा त्यानंतर क्वचित बाहेर पडला, पण त्याने तशी लढाई पुन्हा दिली नाही. सागरी नाकेबंदी कायम राहिली आणि जर्मनीने आपली भिस्त पाणबुड्यांवर ठेवली.

डिसेंबर १९१६ मध्ये जेलिको 'फर्स्ट सी लॉर्ड' झाले. येथे मात्र त्यांची सावधगिरी त्यांना नडली. एप्रिल १९१७ मध्ये पाणबुड्यांनी बुडवलेल्या जहाजांचे प्रमाण भयावह झाले, तरी व्यापारी जहाजांना संरक्षक ताफ्यासह नेण्याची पद्धत स्वीकारताना ते कचरत होते. सर्व कामे स्वतःच पाहण्याच्या सवयीने ते थकलेही होते. नाताळच्या आदल्या दिवशी, २४ डिसेंबर १९१७ रोजी, नौदलमंत्री गेडिस यांनी त्यांना पदावरून दूर केले.

युद्धानंतर साम्राज्याच्या नौदल संरक्षणाचा आढावा घेण्यासाठी ते 'न्यूझीलंड' या युद्धनौकेवरून दौऱ्यावर निघाले आणि मार्च १९१९ मध्ये मुंबईस आले. भारतासाठी लढाऊ नौदलाचा प्रश्न त्या निमित्ताने चर्चेत आला. 'रॉयल इंडियन मरीन'चे 'रॉयल इंडियन नेव्ही'त रूपांतर होण्यास मात्र १९३४ साल उजाडले. १९२० ते १९२४ या काळात जेलिको न्यूझीलंडचे गव्हर्नर जनरल होते. १९२५ साली त्यांना 'अर्ल' हा किताब मिळाला.

जटलंडचा वाद त्यांच्या हयातीत शमला नाही. त्यांचे आणि बेट्टी यांचे समर्थक वर्षानुवर्षे एकमेकांवर दोषारोप करीत राहिले. २० नोव्हेंबर १९३५ रोजी जेलिको यांचे निधन झाले, तेव्हा आजारी बेट्टी अंथरुणावरून उठून अंत्ययात्रेस आले. काही महिन्यांतच त्यांचाही मृत्यू झाला. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये, नेल्सन यांच्या सान्निध्यात, दोघेही चिरविश्रांती घेत आहेत.