नाव आमचे, भाव दुसऱ्याचा

वडील गेल्यानंतर त्यांची पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा तळाशी सुतळीने बांधलेला पावत्यांचा एक गठ्ठा मिळाला. कापूस एकाधिकार खरेदीच्या चुकाऱ्याच्या पावत्या. वजन, प्रत, दर, सोसायटीच्या कर्जाची कपात आणि शेवटी हाती पडलेली रक्कम. मी इतिहासाचा पदवीधर नाही. एका शाळेत लिपिकाची नोकरी केली आणि सुटीच्या दिवशी जुनी गॅझेटिअरे, अहवाल वाचत गेलो. त्या वाचनाला दिशा मिळाली ती या गठ्ठ्याने. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ असे आपण लहानपणापासून ऐकतो. मग या पावत्यांवरची शेवटची रक्कम पहिल्या रकमेपेक्षा इतकी लहान का, हा माझा साधा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधता शोधता पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागले.

१८५३ साली हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला. फौजेची थकबाकी हे कारण कागदावर होतेच, पण वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतल्या कापसावर मँचेस्टरच्या गिरण्यांचा डोळा त्याआधीपासून होता. तोवर इथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या ओस पडू लागल्या. मग मुंबईकडची वाट मोकळी करण्याची घाई झाली. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरला पोहोचली. बडनेऱ्याहून अमरावतीला आणि जलंबहून खामगावला केवळ कापसाच्या बाजारासाठी फाटे काढले गेले. १८७० मध्ये खामगावच्या फाट्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो वऱ्हाडात आले. त्याच वर्षी आल्फ्रेड लायल यांनी सिद्ध केलेले वऱ्हाडचे गॅझेटिअर प्रसिद्ध झाले. पुढे मुंबई आणि लिव्हरपूलच्या व्यापारात इथल्या कापसाला ‘उमरा’ असे नावच पडले. उमरा म्हणजे उमरावती, आपली अमरावती. आपल्या गावाच्या नावाने सातासमुद्रापार सौदे होत होते.

नाव आमचे होते, भाव मात्र आमचा नव्हता. १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले आणि ज्या वेगाने भाव चढला होता त्याच वेगाने उतरला. ते युद्ध का झाले, का थांबले, यात वऱ्हाडातल्या कास्तकाराचा काडीचाही संबंध नव्हता. तरी चढत्या भावाच्या भरवशावर उचललेले कर्ज उतरत्या भावात फेडायची पाळी त्याच्यावर आली. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात हाच सधन म्हणवला जाणारा मुलूख होरपळला. वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांचे नाते लक्ष्मण सत्या यांनी आपल्या इंग्रजी ग्रंथात सविस्तर मांडले आहे. धान्याच्या शेतात कापूस आला, तो विकून धान्य घ्यायचे अशी नवी रीत पडली. पण पाऊस दगा देतो त्या वर्षी विकायला कापूस नसतो आणि बाजारातले धान्य महाग असते. धोका दुहेरी झाला, आणि तो सगळा शेतात राहिला.

बाजारातला अन्याय सरकारला दिसत नव्हता असे नाही. कारंजा इथे १८८६ मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. आज देशभर ज्या बाजार समित्या आहेत त्यांचे मूळ इथे आहे, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. पण त्या कायद्याने वजनकाटा आणि अडत सुधारली, भाव ठरवण्याच्या जागी शेतकरी बसला नाही. समित्यांवर व्यापाऱ्यांचेच वजन होते. माझे आजोबा सांगत, रुमालाखाली अडत्या आणि व्यापारी एकमेकांची बोटे दाबत आणि सौदा होई. ज्याचा माल, तो बाजूला उभा राहून रुमालाकडे बघत राही.

स्वातंत्र्य आले तेव्हा हा रुमाल उचलला जाईल, अशी आशा होती. वऱ्हाडात त्या आशेचे नाव होते डॉ. पंजाबराव देशमुख. पापळसारख्या खेड्यातला हा मुलगा विलायतेत शिकून आला, मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात असताना कर्ज लवादाच्या कायद्यासाठी झटला, १९३२ मध्ये अमरावतीला शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि १९५२ नंतर दहा वर्षे देशाच्या कृषी खात्याचा मंत्री राहिला. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. दिल्लीत १९५९ च्या अखेरीस भरलेले जागतिक कृषी प्रदर्शन हे त्यांच्याच खटपटीचे फळ. नव्या देशाच्या उभारणीत शेतकरी पाहुणा नसून यजमान आहे, ही त्या प्रदर्शनामागची भावना होती. पण त्याच सुमारास दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने पोलाद आणि अवजड उद्योगांची वाट धरली होती. त्या वाटेवर धान्य आणि कापूस स्वस्त राहणे सोयीचे होते. शहरातल्या गिरणीला स्वस्त रुई हवी आणि जनतेला स्वस्त कापड हवे, यात वाईट काही नव्हते. फक्त या स्वस्ताईचा खर्च कोण देतो, हे कुणी लिहून ठेवले नाही.

याच काळात वऱ्हाडचे राजकीय घरही बदलत होते. ऑगस्ट १९४७ चा अकोला करार, २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार, १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने केलेली स्वतंत्र विदर्भाची शिफारस, १९५६ मध्ये मुंबई राज्य आणि १९६० मध्ये महाराष्ट्र. प्रत्येक कागदावर समतोल विकासाचे शब्द आहेत. १९८४ मध्ये दांडेकर समितीने अनुशेष मोजला, तेव्हा राज्याच्या एकूण ३,१८६ कोटींपैकी १,२४६ कोटींचा, म्हणजे सुमारे ३९ टक्के अनुशेष विदर्भाच्या वाट्याला निघाला. सिंचनाचा अनुशेष म्हणजे कापसाच्या भाषेत सांगायचे तर बोंड भरण्याच्या वेळी न मिळालेले एक पाणी.

आणि तरीही, या साऱ्या इतिहासात एक वेळ अशी आली की शासनाने पडत्या भावाखाली स्वतःचा खांदा दिला. १९७१ चा कायदा आणि १९७२ च्या हंगामापासूनची कापूस एकाधिकार खरेदी योजना. ते वर्ष महाराष्ट्राच्या मोठ्या दुष्काळाचे. योजना अशी होती की व्यापाऱ्याने कापूस घ्यायचा नाही, राज्याच्या वतीने पणन महासंघाने घ्यायचा. हमी दर मिळेल, गाठी विकून नफा झाला तर त्यातला वाटा शेतकऱ्याला परत मिळेल, चांगल्या वर्षी थोडी रक्कम भाव चढउतार निधीत टाकायची आणि वाईट वर्षी तिच्यातून तोटा भरायचा. देशात दुसऱ्या कुठल्याही राज्याने हे धाडस केले नव्हते.

मी आठ-दहा वर्षांचा असताना वडिलांबरोबर बंडीवर बसून खरेदी केंद्रावर गेलो आहे. दोन रात्री रांगेत काढल्या. ग्रेडरने मूठभर कापूस ओढून बघितला, प्रत सांगितली, आणि वडिलांचा चेहरा उतरला. घरी येताना मात्र ते म्हणाले, ‘‘काही म्हण बापू, आता रुमाल तर नाही ना. भाव पाटीवर लिहिला असते.’’ या योजनेवर पुढे झालेली टीका मी सगळी वाचली आहे. त्यातली बरीचशी खरी आहे. चुकारे रखडत, प्रतवारीत घोळ होत, निवडणुका जवळ आल्या की दर निधीकडे न बघता ठरत. तरी वडिलांचे ते वाक्य मला त्या टीकेच्या तराजूत दुसऱ्या पारड्यात ठेवावेसे वाटते.

योजना बुडाली ती केवळ गैरकारभाराने बुडाली, असे सांगण्याची रीत आहे. मला कागदपत्रांतून दुसरे एक कारण अधिक ठळक दिसते. अमरावती जिल्ह्याची शीव मध्य प्रदेशाला लागते. बाहेर भाव चढला की इकडचा कापूस रातोरात शिवेपलीकडे जाई. बाहेर भाव पडला की तिकडचा कापूस इकडच्या केंद्रांवर येई. म्हणजे चांगल्या वर्षी निधीत पडायला हवा तो कापूस निघून गेला आणि वाईट वर्षी तोटा मात्र दुप्पट झाला. त्यातच गाठी परदेशी किती पाठवायच्या याचा कोटा दिल्ली ठरवत असे. परदेशात भाव चांगला असताना निर्यातीची दारे अर्धवट उघडी ठेवली जात, कारण गिरण्यांना रुई हवी होती. भाव ठरवणारी सूत्रे केंद्राकडे, तोटा सोसण्याची जबाबदारी राज्याकडे. अशा मांडणीत उत्तम कारभार असता तरी निधी आटलाच असता. नव्वदीच्या दशकात तो आटला आणि २००२ नंतर खासगी खरेदीला मुभा मिळून एकाधिकार नावापुरताही उरला नाही.

याच देशात दुसरे उदाहरणही आहे. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले आणि पंजाब-हरियाणाच्या गव्हाला केंद्राने भाव तर दिलाच, शिवाय तो भावाने विकत घेण्याची यंत्रणा उभी केली. तिथे दर ठरवणारा आणि तोटा सोसणारा एकच होता. म्हणून ते आश्वासन, त्याचे इतर दुष्परिणाम काहीही असोत, टिकले. कापसासाठी १९७० मध्ये भारतीय कापूस महामंडळ आले खरे, पण खरेदीचा तसा भरवसा कोरडवाहू वऱ्हाडला मिळाला नाही.

पुढचे आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर घडले. २००२ मध्ये बीटी बियाण्याला परवानगी मिळाली. सुरुवातीला बोंडअळी आवरली, उत्पादन वाढले आणि खर्चही वाढला. पुढे गुलाबी अळी त्या बियाण्यालाही पुरून उरली. आत्महत्यांचे सत्र वाढले तेव्हा जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. २००८ च्या कर्जमाफीत पूर्ण माफीची मर्यादा पाच एकर ठरली. पाणथळ मुलखात पाच एकर म्हणजे बऱ्यापैकी शेती. आमच्याकडे सात-आठ एकर कोरडवाहूचा धनी त्या मर्यादेबाहेर राहिला, आणि त्याच्याच विहिरीला पाणी नव्हते.

दरम्यान अकोल्याची सावतराम आणि बडनेऱ्याची विजय मिल बंद पडली. रुई इथून जाते, कापड होऊन परत येते, ही लायलच्या काळातली रीत पुन्हा पूर्ण झाली. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर जोडणारी, ब्रिटिश कंपनीने कापसासाठी टाकलेली शकुंतला रेल्वे आता धावत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अमरावतीच्या वस्त्रोद्योग पार्कची कोनशिला वर्ध्याच्या कार्यक्रमातून बसवली गेली. शेतातून थेट परदेशापर्यंत, असे त्याचे ब्रीद आहे. ते खरे ठरावे, असे मला मनापासून वाटते. इथे सूत निघाले तर गावातल्या पोरांना पुण्याची गाडी धरावी लागणार नाही.

पण २०२५ या वर्षाचा हिशेब मांडून बघू. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला. मग १९ ऑगस्टपासून आयात कापसावरचे ११ टक्के शुल्क उठवले गेले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, नंतर डिसेंबरअखेरपर्यंत. अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लादल्यामुळे कापड उद्योग अडचणीत होता, हे कारण खोटे नाही. परंतु अमेरिकेच्या निर्णयाचा भार, तिथल्या युद्धापासून दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही, सीतादहीच्या मुहूर्तावर कापूस वेचायला निघालेल्या कास्तकारावरच यावा, याला योगायोग म्हणवत नाही.

मला स्वतःला एकाधिकार परत यावा असे वाटत नाही. रांगेतल्या त्या दोन रात्री मी विसरलेलो नाही. एवढेच वाटते की जो दर ठरवतो त्याने पडत्या वर्षाचा वाटाही उचलावा. आयातीचे दार उघडणारा हात आणि हमीभावाने खरेदी करणारा हात एकाच शरीराचे आहेत, हे त्या शरीराने लक्षात ठेवावे. हे तत्त्व १८६५ मध्ये नव्हते, १८९७ च्या कायद्यात नव्हते, १९७२ मध्ये अर्धे होते.

वडिलांच्या गठ्ठ्यातल्या एका पावतीच्या मागे पेन्सिलीने हिशेब आहे. सरकी, खत, मजुरी, किराणा, माझी शाळेची फी. खाली रेघ आणि ‘बाकी’ असा शब्द. त्यापुढे आकडा लिहून खोडलेला आहे. तो वाचायचा मी भिंग लावूनही प्रयत्न केला. लागला नाही.