संध्याकाळची सफारी आणि टुरियाचं गवत



मागे एकदा गटाच्या बैठकीत एका ताईने मोबाइल पुढे केला. तिचा भाचा दुबईला कामाला आहे. त्याने वाळवंटातल्या संध्याकाळच्या सफारीचा व्हिडिओ पाठवला होता. वाळूच्या टेकड्यांवरून वरखाली उसळणारी गाडी, उंटावरचा फेरा, हातावर मेंदी, सूर्य बुडाल्यावर तंबूत जेवण आणि नाचगाणं. सगळ्यांनी पाहिलं, हसलो. मग आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाल्या, "अवो, सफारी तं आपल्या इथंबी रोज जाते. पण लोकं त्या गाडीत बसून पाहाले काय जातात, हे आपल्याले कोणी सांगतलंच नाही."

खरंच होतं ते. नागपूरच्या कोणत्याही बाजूने निघा, दोन-तीन तासांत वाघाचं जंगल लागतं. उत्तरेला पेंच, दक्षिणेला उमरेड-कऱ्हांडला आणि त्याच्या पुढे ताडोबा, पश्चिमेला वर्धा जिल्ह्यातलं बोर. पाहुणे विमानाने नागपुरात उतरतात आणि थेट जंगलाकडे जातात. आपण मात्र तेंदूपाने, मोहफुलं, सरपण यापलीकडे त्या गेटकडे कधी गेलो नाही. मग आम्ही ठरवलं, एकदा पैसे जमवून आत जायचं. आणि जायच्या आधी त्या जागेचा इतिहासही समजून घ्यायचा. आजचं बोलणं त्या दोन्हींबद्दल आहे.

आधी शब्दाचं सांगतो. 'सफर' हा मूळ अरबी शब्द, त्याचा अर्थ प्रवास. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला. तोच शब्द आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गेला आणि तिथल्या स्वाहिली भाषेत 'सफारी' झाला. तिथून गोऱ्या शिकाऱ्यांनी तो उचलला. १९०९ साली अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मोठा लवाजमा घेऊन आफ्रिकेत शिकारीला गेले, त्यानंतर सफारी म्हणजे बंदूक घेऊन केलेला प्रवास हाच अर्थ जगभर पसरला. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला तो फार पुढे. म्हणजे दुबईच्या वाळवंटातला आणि आपल्या सागाच्या जंगलातला शब्द एकाच आईचा. पण आपल्याकडे सफारी हा शब्द यायच्या आधी जे चालायचं त्याचं नाव होतं हाका.

हाका कसा असायचा? गावातली माणसं आणि पोरं ओळीने जंगलात उभी करायची. ढोल, डबे, टिन जे हाताला लागेल ते वाजवत, आरडाओरडा करत पुढे सरकायचं. वाघ आवाजाने उठायचा आणि ठरलेल्या वाटेने पळायचा. त्या वाटेवर मचाणावर साहेब बसलेला. फोटोत साहेब, बंदूक आणि पायाशी पडलेला वाघ. ज्यांनी वाघाला पायी हाकललं, आणि ज्यांच्यावर तो उलटला तर उलटायचा, ते फोटोत नाहीत. साहेबाच्या तळाला पाणी, दूध, कोंबड्या, घोड्याला गवत हेही गावानेच पुरवायचं. हे काम कोणाच्या डोक्यावर येत असेल ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

राजेही मागे नव्हते. आपल्या शेजारच्या सरगुजा संस्थानच्या महाराजांनी स्वतःच्या सांगण्याप्रमाणे हजाराहून जास्त वाघ मारले. स्वातंत्र्यानंतरही हे थांबलं नाही. आपल्या नागपुरात 'ऑलविन कूपर' नावाची शिकारीची कंपनी होती. ती परदेशी पाहुण्यांकडून पैसे घेऊन त्यांना वाघ मारायला मध्य भारताच्या जंगलात नेत असे. १९७० साली वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, आणि पहिल्या नऊ जागांत आपलं मेळघाट होतं. पेंच त्या यादीत नंतर आलं. मध्य प्रदेशाचं पेंच १९९२ मध्ये आणि महाराष्ट्राचं १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं. जंगल एकच आहे, नदी एकच आहे. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, नागपूर इकडे आलं, सिवनी तिकडे राहिलं, म्हणून नावाच्या पाट्या दोन.

आम्ही गेलो ते सिवनी जिल्ह्यातल्या टुरिया गेटला. कामठी, कन्हान, मनसर, देवलापार करत जबलपूरचा रस्ता धरायचा. देवलापारच्या पुढे रस्ता जंगलातून उंचावरून जातो. खालून जनावरांना मोकळी वाट ठेवली आहे. ट्रक वरून, वाघ खालून. खवासा आलं की डावीकडे वळायचं. पुढे दोन्ही बाजूंना रिसॉर्ट आणि जागोजाग मोगलीची चित्रं. 'जंगल बुक'मधला मोगली सिवनीच्या डोंगरातला. ती गोष्ट लिहिणारे किपलिंग सिवनीला कधी आलेच नव्हते. त्यांनी हे जंगल दुसऱ्यांच्या पुस्तकांतून घेतलं. तरी त्यांच्या मोगलीचं नाव इथे प्रत्येकाला ठाऊक आहे.

आता आत गेल्यावर काय होतं ते सांगतो. संध्याकाळची सफारी म्हणतात, पण जायचं असतं दुपारी तीनच्या सुमारास, आणि सूर्य मावळेपर्यंत गेटबाहेर यायचं असतं. परवाना आधी काढावा लागतो. ज्याच्या नावाने काढला त्याचंच ओळखपत्र तिथे दाखवायचं. उघड्या जिप्सीत सहा जणी, शिवाय चालक आणि गाइड. चमकदार लाल-पिवळं लुगडं नको, मातकट किंवा हिरवट रंग बरा. अत्तर नको. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो: गाडीत बसण्याआधी गेटवरच्या मोरीत जाऊन या. आत तीन तास खाली पाय ठेवता येत नाही. कंबर दुखणारीने मागच्या बाकावर बसू नये, धक्के तिथे जास्त. पोटुशी असेल तिने जाऊच नये. दुपारी ऊन भाजतं, पण थंडीच्या दिवसांत पाच वाजले की उघड्या गाडीत दात वाजतात. शाल हवी, आणि धुळीसाठी तोंडाला बांधायला दुपट्टा.

पहिला अर्धा तास काहीच दिसत नाही असं वाटतं. मग डोळा बसतो. चितळ, सांबर, रानडुक्कर, मोर, एखादा गवा. आमची गाइड जवळच्या गावचीच होती. तिने गाडी थांबवून गप्प राहायला सांगितलं. वानर झाडावरून खोकल्यासारखं ओरडत होतं, मग चितळाची शिट्टी, मग सांबराचा जाड आवाज. तिघे ओरडले म्हणजे वाघ चालतोय. आमच्यातल्या निम्म्या जणींना हे आधीच माहीत होतं. सरपणाला गेल्यावर आपणही हेच ऐकतो आणि मोळी टाकून मागे फिरतो. इथे मात्र आवाज आला तिकडे गाडी न्यायची. हा फरक आम्हाला बराच वेळ डोक्यातून जाईना.

वाघ दिसला नाही. ताज्या पावलांचे ठसे दिसले. ज्यांना पैसे वसूल करायचे असतात त्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण चालकावर वाघ दाखवण्याचा जोर टाकला की काय होतं ते आपल्याच बाजूला घडलं. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडलात एका वाघिणीला तिच्या पिल्लांसकट दोन्ही बाजूंनी जिप्सींनी अडवलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कारवाई चालक आणि गाइडवर झाली. तीही गावातलीच पोरं.

अलीकट्टा नावाचं एक मोठं मैदान लागलं. उतरत्या उन्हात तिथे चितळांचे कळपच्या कळप उभे. फार सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलावं. गाइडने सांगितलं की हे मैदान आपोआप झालेलं नाही. इथे गाव होतं. गाव उठलं, शेतं राहिली, शेतांत गवत वाढलं. मावशींनी विचारलं, "मंग गवत कापाले कोण येते?" ती हसली. म्हणाली, कापायला आलं तर गुन्हा होतो, अम्मा.

आता ज्या कारणासाठी आम्ही टुरियाच निवडलं ते सांगतो. इथे गवत कापणं हा गुन्हा आहे ही गोष्ट आजची नाही. इंग्रजांनी १८६५ साली जंगलाचा पहिला कायदा केला, १८७८ साली तो कडक केला आणि जंगलं राखीव केली. गुरं चारायची तर पैसे, लाकूड आणायचं तर परवाना, गवत कापायचं तर नाकेदाराची मर्जी. त्याआधी गोंड राजे होते, भोसले होते. देवगडच्या बख्त बुलंद शाहाने नागपूर वसवलं ते १७०२ च्या सुमारास. राजा कर घेई, शिकार करी, पण चुलीच्या सरपणाला चोरी कोणी म्हणत नव्हतं. जंगलात वाघदेवाचं ठाणं असे. ताडोब्याला तळ्याकाठी तारूचं देऊळ आहे. वाघाशी झुंजताना मेलेला गोंडांचा हा प्रमुख देव झाला आणि जंगलाला त्याचं नाव लागलं. वाघाची भीती तेव्हाही होती. नाकेदाराची भीती नवी होती.

१९३० साली एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. आपल्या मध्य प्रांताला समुद्र नाही. इथे कोणता कायदा मोडायचा? लोकांना रोज जो टोचत होता तोच, जंगलाचा. जुलैमध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला गवत कापून अटक करून घेतली. मग वर्धा, बैतूल, सिवनी, गावोगाव विळे निघाले. त्या वेळी सिवनी आणि नागपूर एकाच प्रांतात होते, प्रांताची राजधानी नागपूर होती, आणि तिथले हुकूम इथल्या कचेऱ्यांतून सुटत.

९ ऑक्टोबर १९३० रोजी टुरियाच्या जंगलात सत्याग्रहींनी गवत कापलं. पोलिसांनी काही जणांना पकडलं. आसपासच्या गावांतले लोक जमले, त्यांत बाया पुष्कळ होत्या. पोलिसांनी गोळीबार केला. चार जण मेले. एक पुरुष आणि तीन बाया. मुड्डोबाई, रैनोबाई, देभोबाई आणि बिरजू. कुठे रैनो, कुठे रेनो, एखादं अक्षर इकडेतिकडे लिहिलेलं सापडतं. आदिवासी बायांची नावं लिहिणाऱ्याने ऐकून लिहिली, तशीच राहिली.

आपल्या पाठ्यपुस्तकांत दांडी आहे. टुरिया आम्ही कोणीच वाचलं नव्हतं. विळा घेऊन गेलेली बाई गोळीने मेली, आणि ज्या गावाजवळ मेली त्या गावाचं नाव आज देशभर माहीत आहे ते गेटमुळे.

गेटमुळे काहीच भलं झालं नाही असं मात्र म्हणता येत नाही. आमच्या गाइडच्या घरात तिच्या पगारावर दोन मुलं शिकतात. ताडोब्याला आणि पेंचला गावच्या बाया गाइडचं काम करतात, ही साधी गोष्ट नाही. इथल्या जंगलात 'कॉलरवाली' म्हणून एक वाघीण होती. आठ बाळंतपणांत २९ पिल्लं दिली तिने. जानेवारी २०२२ मध्ये ती म्हातारपणाने गेली, तेव्हा तिच्या चितेला अग्नी एका आदिवासी बाईने दिला. तो फोटो आम्ही पाहिला आहे. हाक्याच्या काळातल्या फोटोत कोण होतं ते आठवा.

पण त्याच्या शेजारी दुसरी तारीखही ठेवावी लागते. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायांना वाघिणीने मारलं. त्याच हंगामात जवळच्या गेटमधून पाहुण्यांच्या गाड्या रोज दोन वेळा आत जात होत्या. गाडीत बसलेल्याला नियम सांगतो, खाली उतरू नका. पानं तोडणारीला वाकावंच लागतं. तिच्यासाठी कोणता नियम आहे, कोणती गाडी आहे, हंगामात पहारा कोण देणार, हे आपल्या ग्रामसभेत विचारायला हवं. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर आपला हक्क मानला आहे. हक्क मानला, पण पानं आणायला जाणारीच्या जिवाचं काय, हा प्रश्न आम्ही आमच्या ग्रामसभेत लिहून दिला आहे. उत्तर यायचं आहे.

सूर्य बुडता बुडता गेटबाहेर आलो. रातवा ओरडायला लागला होता. बाकीच्या गाड्या रिसॉर्टकडे वळल्या. आम्ही चालकाला टुरियाच्या हुतात्मा स्मारकाशी थांबायला सांगितलं. तो जरा चकित झाला, म्हणाला पाहुणे सहसा इथे थांबत नाहीत. अंधार पडत होता. आमच्यातल्या दोघींना वाचता येत नाही, म्हणून चौघांची नावं आम्ही मोठ्याने घेतली. मावशींनी डोक्यावरचा पदर सारखा केला, रस्त्याच्या कडेचं थोडं गवत हाताने खुडलं आणि तिथे ठेवलं. मग गाडीत बसलो. नागपूरला पोचायला रात्रीचे नऊ वाजून गेले होते.