उपजत मृत्यू : एका शब्दाचा हिशेब

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ यातील व्याख्या साहित्याच्या अभ्यासकाने एकदा तरी वाचाव्यात, असे आम्हांला वाटते. तेथे ‘जन्म’ या शब्दात जिवंत जन्म आणि मृतजन्म हे दोन्ही येतात. ‘मृत्यू’ मात्र जिवंत जन्म झाल्यानंतरच संभवतो. म्हणजे गर्भात २८ आठवडे वाढून निष्प्राण जन्मलेल्या मुलाला कायद्याच्या लेखी जन्म आहे, मृत्यू नाही.

संख्याशास्त्राने ही फट ओळखली. २८ आठवड्यांनंतरचे मृतजन्म आणि पहिल्या ७ दिवसांतील मृत्यू एकत्र मोजून दर हजार जन्मांमागे ‘पेरिनेटल’ मृत्युदर काढतात. कारण उघड आहे. प्रसूतीत प्राणवायू न मिळाल्याने एक मूल कळांमध्येच जाते, दुसरे दोन तासांनी. कारण एकच असते. शिवाय क्षणभर श्वास घेऊन गेलेले मूल ‘मृतजन्म’ म्हणूनही लिहिले जाऊ शकते. आपल्या परंपरेलाही हा आठवडा ठाऊक होता. पाचवीला सटवाई ललाटी लेख लिहिते आणि नाव मात्र बाराव्या दिवशी ठेवतात, या क्रमात त्या दिवसांची धास्तीच साठलेली आहे. नवजात मृत्यूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच होतात.

रुग्णालयाने या ललाटलेखाला पहिला प्रश्न विचारला. न्यूयॉर्कच्या डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५३ साली एक साधी पद्धत प्रसिद्ध केली. जन्मानंतर एका मिनिटाने हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिक्षिप्त क्रिया व वर्ण पाहायचे आणि प्रत्येकास ०, १ किंवा २ गुण द्यायचे. ही मोजणी करायची म्हणजे कोणीतरी थांबून मुलाकडे पाहणे आले. न रडणारे मूल दैवाधीन न राहता उपचाराधीन झाले.

आपल्याकडे २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये सुमारे ३९ टक्के प्रसूती संस्थांत होत. २०१९-२१ मध्ये सुमारे ८९ टक्के. नमुना नोंदणी पद्धतीनुसार नवजात मृत्युदर २००५ मधील हजारी ३७ वरून २०२० मध्ये २० वर आला. घट मोठी आहे, पण संस्थेतील प्रसूती ज्या वेगाने वाढल्या त्या वेगाने मृत्यू घटले नाहीत. अपुऱ्या दिवसांचा जन्म, कमी वजन, गुदमरणे आणि जंतुसंसर्ग ही कारणे दारातच थांबत नाहीत. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे एक-चतुर्थांश नवजात मृत्यूंना जंतुसंसर्ग कारण ठरला. त्यातील बहुतेक संसर्ग पहिल्या ७२ तासांतले होते आणि अनेक जंतू प्रतिजैविकांना दाद न देणारे होते. छप्पर मिळाले म्हणजे शुश्रूषा मिळाली, असे नव्हे.

आता शब्दाकडे वळू. मृतजन्माला मराठीत ‘उपजत मृत्यू’ असेही म्हणतात. ‘उपजत प्रतिभा’ म्हणताना आपण जे सुचवतो, तेच येथेही नकळत सुचवले जाते : हे जन्मतःच आले, यात कोणाचा हात नाही. वस्तुस्थिती निराळी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२० मधील अहवालानुसार जगातील ४० टक्क्यांहून अधिक मृतजन्म कळा सुरू झाल्यानंतर होतात. ती मुले आई रुग्णालयाच्या वाटेवर किंवा खाटेवर असताना जिवंत असतात. ठोक्यांवर वेळीच लक्ष ठेवले आणि गरज पडताच शस्त्रक्रिया झाली, तर त्यांतील पुष्कळ वाचू शकतात.

तेव्हा हा मृत्यू उपजत नाही. तो घडतो, आणि पुष्कळदा घडू दिला जातो. शब्दांचे शिक्षक म्हणून एवढे सांगणे आम्ही आमचे काम समजतो. ज्या मृत्यूला दैवाचे नाव मिळते, त्याची चौकशी कोणी करीत नाही.