मत एकदाच, पण कोणाला?

गावाचा सरपंच थेट लोकांनी निवडायचा की निवडून आलेल्या सदस्यांनी? महाराष्ट्रात २०१७ साली थेट निवड आली, २०२० साली गेली, २०२२ साली परत आली. पण हा वाद आजचा नाही. आपल्याच मुलखात १९३९ साली त्याला एक उत्तर दिलं गेलं होतं, ते आज आम्ही तुमच्यापुढे ठेवतो.

औंध संस्थान सलग नव्हतं. औंध सातारा जिल्ह्यात, आटपाडी आणि कुंडल आज सांगली जिल्ह्यात. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ च्या जानेवारीत राज्यघटना देऊन सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. तिच्यामागे गांधीजींचा सल्ला होता आणि युवराज अप्पासाहेब पंत व मूळचे पोलंडचे इंजिनियर मॉरिस फ्रिडमन यांची मेहनत.

रचना अशी की मतदाराने आपल्या गावचे पाच पंच निवडायचे. पंचायतींच्या अध्यक्षांची मिळून तालुका समिती, आणि तालुका समित्यांकडून संस्थानच्या विधिमंडळात प्रतिनिधी. म्हणजे माणसाने मत एकदाच द्यायचं, तेही ओळखीच्या माणसाला.

आता अमेरिकेकडे पाहू. तिथेही सेनेटर लोक निवडत नसत, राज्यांची विधिमंडळं निवडत. जाणते लोक जाणत्यालाच निवडतील, असा हिशेब. झालं काय? सौदे झाले, पैसे फिरले, कोंडी झाली. १९०१ ते १९०३ या काळात डेलावेअर राज्याला एकही सेनेटर नव्हता! अखेर १९१३ साली सतराव्या घटनादुरुस्तीने ही निवड थेट जनतेकडे आली. राज्याचा गव्हर्नर तर लोक थेट निवडतातच, अनेक राज्यांत न्यायाधीशसुद्धा.

मग औंधचं चुकलं का? आम्हाला तसं वाटत नाही. तिथला पंच त्याच गल्लीत राहत होता. काम झालं नाही तर पारावर गाठून विचारता येत होतं. अडचण वरच्या पायरीवर आहे. विधिमंडळातला माणूस तालुका समितीला जबाबदार, तुम्हाला नाही. एकेक पायरी वाढली की जाब विचारणारा एकेक पाऊल मागे पडतो.

पण थेट निवडीनेही सगळं साधतं असं नाही. लोकांनी निवडलेला सरपंच आणि विरोधी बहुमताचे सदस्य, मग ठराव अडतो. हे आपण आजूबाजूला पाहतोच.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झालं आणि प्रयोग नऊ वर्षांतच संपला. त्याने मागे ठेवलेली कसोटी मात्र आजही लागू आहे. पद्धत कोणतीही असो, मत दिल्यावर दुसऱ्या दिवशी जाब कोणाला विचारायचा, हे मतदाराला नावानिशी सांगता आलं पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर त्याने फक्त शिक्का मारला, राज्य केलं नाही.